पारूचा भात चुलीवरच आहे

कुमुद, आज रविवार, आणि तुझ्या घरी बटाट्याची भाजी झाली. तुझ्या माधवरावांनीच केली, थोडी करपवली. जेवण झाल्यावर चहा झाला. तुझी शेगडी गॅलरीत उपडी घालून ठेवलीय, तिच्यावर पायपुसणी वाळत होती. मी तुझ्या सासूबाईंना सोबत म्हणून गेले होते. ताटात बटाटा वाढला तेव्हा कोणी काही बोललं नाही, मीही नाही. येताना मुलुंड स्टेशनच्या पुलावर मला एकदम रडू फुटलं आणि लोक बघायला लागले. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ विजे, इतक्या लढाया लिहिल्यास, इतकी माणसं मारलीस, आणि रडलीस कशावर, तर बटाट्यावर.

तुझं तेरावं झालं. वाचनालयातली शोकसभाही झाली. तिथे जे बोलले ते ऐकून तू पिशवी उचलून निघाली असतीस. ‘इतिहासाचा गाढा व्यासंग’ म्हणाले, ‘सिद्धहस्त’ म्हणाले. दिवसभर भांडुपच्या रेशनिंग ऑफिसात लोकांची बोलणी खाऊन संध्याकाळी लिहायला बसणाऱ्या बाईचा हात कसा सिद्ध होतो, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही बोलायला लावलं. मी उठले, दोन वाक्यं बोलले आणि बसले. मला तुझ्याविषयी बोलायचं नाहीये गं, तुझ्याशी बोलायचंय. खरं तर भांडायचंय. सगळंच अर्ध्यावर टाकून गेलीस.

आपली ओळखच मुळी भांडणाने झाली. घाटकोपरच्या वाचनालयात माझ्या कादंबरीवर कार्यक्रम होता. माझं तेव्हा झकास चाललं होतं. सकाळी शाळेत पोरांना इतिहास शिकवायचा आणि घरी येऊन घोडे, तलवारी, बुरूज, फितुरी. कार्यक्रम संपत आला तेव्हा मागच्या रांगेतून एक सावळी, ठेंगणी बाई उभी राहिली. हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली.

“बाई, एक विचारू? तुमच्या किल्लेदाराची बायको एकादशीला साबुदाण्याची खिचडी करते.”

“करते. मग?”

“तिने साबुदाणा कुठून आणला?”

लोक हसले. मला वाटलं, कोणीतरी मुद्दाम पाठवलेली दिसतेय. तू मात्र शांतपणे बोटांवर मोजत गेलीस. साबुदाणा तेव्हा आपल्याकडे नव्हता. बटाटा नव्हता. दाण्याचं कूट नव्हतं. “मिरचीचं मी सोडून देते,” म्हणालीस, “पण एका खिचडीत तीन चुका म्हणजे जरा जास्तच होतात ना?”

नंतर चहाच्या टेबलापाशी मी तुला गाठलं. म्हटलं, मग तुम्हीच सांगा, काय खात होती माझी किल्लेदारीण? तू म्हणालीस, वरी असेल, शिंगाडा असेल, एखादा कंद उकडलेला असेल. मी म्हटलं, “अहो, साबुदाणा म्हटलं की वाचकाला एकादशी कळते. उकडलेला कंद म्हटलं तर त्याला वाटेल, किल्ल्यावर दुष्काळ पडलाय.”

“वाटू दे की! वाचकाला त्याचंच घर दाखवायला तुम्ही कशाला पाहिजेत? त्याला दुसऱ्याच्या घरात न्या.”

दुसऱ्या आवृत्तीतही मी तो साबुदाणा हट्टाने तसाच ठेवला. त्यावर तू काय केलंस, तर दर एकादशीला न चुकता डबाभर खिचडी पाठवायला लागलीस, ‘किल्लेदारीणबाईंकडून’ म्हणून. तोवर आपण अहो-जाहो सोडून अगं-तुगंवर आलो होतो, आणि ती खिचडी उत्तम असायची, हे मी तुला कधी सांगितलं नाही.

तुझे ते रविवार. बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर वेडेपणाच वाटेल. पारूची कादंबरी सुरू केलीस आणि नियम काढलास, की रविवारी घरात पारूच्या काळात नसलेलं काही वापरायचं नाही. पारू म्हणजे साष्टीतल्या, आपल्याच मुलुंड-भांडुपकडच्या मिठागरावरची बाई. फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा अंमल उतरणीला लागलेला, मराठ्यांचं सैन्य येणार येणार अशी आवई उठलेली. म्हणजे रविवारी चहा बंद, बटाटा-टोमॅटो बंद, साबण बंद, पंखा बंद, गॅस तर नावच नको. माधवराव बिचारे सकाळीच उठून खालच्या हॉटेलात चहा पिऊन यायचे आणि बडीशेप चघळत वर चढायचे. तुला ते माहीत होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

तुझ्या सासूबाईंनी मला एकदा हाताला धरून बसवलं होतं. “विजया, तू तरी सांग गो हिका. आमी चुलीच्या धुराक कंटाळान मुंबयक इलंव, नि हिका परत धूर होयो झालो!”

धूरही तसाच व्हायचा, वरच्या मजल्यावरचे खाली येऊन विचारायचे. पण तो विस्तवाचा रविवार आठवतो? माचिस वापरायची नाही म्हणून तू चकमक आणली होतीस आणि सकाळभर ती घासून हात सोलवटून घेतले होतेस. ठिणगी पडायची, धरायची नाही. शेवटी करवंटी घेऊन खाली इस्त्रीवाल्याकडे गेलीस, दोन निखारे दे म्हणून. तो म्हणाला, “ताई, माचिस देतो ना, कोळसा कशाला?” तू हट्टाने निखारेच घेतलेस आणि पदराआड करवंटी धरून जिना चढून आलीस. मी वरच होते. दारातच उभी राहिलीस. शेगडी पेटवायची विसरून गेलीस.

“विजे, मला आत्ता कळलं. चूल विझली की बाईला शेजारी जावंच लागत असणार. ज्या घराशी भांडण, त्याच घरात विस्तव असला तर त्याच दारात उभं राहायचं. माचिस आली आणि माणसं कायमची भांडायला मोकळी झाली.”

त्या दोन निखाऱ्यांतून तुला अख्खं प्रकरण मिळालं. पारू आणि तिची जाऊ वर्षभर बोलत नाहीत. झडीच्या पावसात पारूची चूल विझते. ती करवंटी घेऊन जावेच्या दारात उभी राहते, तोंडाने मागत नाही. जाऊही बोलत नाही, निखारे घालते, आणि पारू वळल्यावर तिला हाताने थांबवून अजून एक घालते. बस, एवढंच. मी ते वाचलं आणि दोन दिवस माझ्या लढाईला हात लावला नाही. मत्सर म्हणतात तो हाच, दुसरं काही नाही. तुला मात्र म्हटलं, बरं जमलंय, जरा लांबलंय.

आपलं खरं भांडण मिठागरावर झालं. मुलुंड पूर्वेला रस्ता संपतो तिथून पुढे आपण बांधावरून चालत गेलो होतो. उन्हाचं पांढरं झालेलं सगळं, डोळे उघडवत नव्हते. तुला काय सुचलं कुणास ठाऊक, चपला काढून खाऱ्या पाण्यात उतरलीस. फावड्याने मीठ ओढणारी एक बाई ओरडली, “ओ बाई, चपला घाला, पाय जातील!” तुझ्या टाचांना भेगा होत्या, त्यांत मीठ गेलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तू हसत होतीस.

“ही रात्री पायांना काहीतरी लावत असणार गं. तेल नाहीतर चरबी. लावल्याशिवाय झोपच येणार नाही. पारूची सुरुवात तिथून. पाय चोळत बसलीय.”

मला का कोण जाणे, संताप आला. ऊन असेल, किंवा त्या बाईचे पाय मी पाहिले होते म्हणून असेल. म्हटलं, “कुमुद, तू रविवारी पारू होतेस आणि सोमवारी गॅस पेटवतेस. घरी जाऊन पायाला व्हॅसलीन लावशील. पारूला सोमवार नव्हता. तुला काय कळणार तिचं?”

तू पाण्यातून बाहेर आलीस. बांधावर बसून पदराने टाचांतलं मीठ पुसलंस. मग म्हणालीस, “नाही कळणार पूर्ण. पण तिला सोमवार नव्हता, हे लिहायला तरी कोणी पाहिजे ना? सैन्य आलं, ते लिहायला सगळे बसलेत. लढाई चार दिवस चालते, विजे. बाकीचे दिवस माणसं काय करत होती? मला तेच हवंय. मेलेली माणसं आपल्यासारखी होती, हे मला त्यांच्या तलवारी बघून कळत नाही. पाय चोळताना कळतं.”

मी म्हटलं, हे उत्तर झालं नाही. तू म्हणालीस, नाहीच झालं, सापडलं की सांगते. त्यानंतर कितीदा भेटलो, कितीदा तो विषय निघाला, आणि दरवेळी तू म्हणायचीस, थांब, अजून सापडलं नाही. आता मी कोणाला विचारू? इतकी वर्षं एकाच माणसाशी भांडायची सवय झाली की दुसऱ्या कोणाशी धड भांडताही येत नाही.

मग तुझं पोट दुखायला लागलं आणि पुढचं सगळं फार झपाट्याने झालं. तुला अन्नाची चव लागेनाशी झाली. कुठल्या शतकात कोण काय खात होतं ते सांगणारी बाई, तिला पेजेचा वाससुद्धा सहन होईना. देव असेल तर त्याच्या या विनोदबुद्धीचं मला कौतुक नाही. मी शाळा सुटली की यायची. तू खिडकीकडे तोंड करून पडलेली असायचीस. एकदा तशीच पडल्यापडल्या म्हणालीस, “विजे, आता मलाही सोमवार नाही बघ.” मी उगाच, असं काय बोलतेस, बरी होशील वगैरे म्हटलं. किती फालतू वाटलं असेल तुला ते. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जरा हुशारी होती तुला. उशीला टेकून बसली होतीस. म्हणालीस, “शेवटच्या प्रकरणात आलेय. पारूने भात चढवलाय. तेवढ्यात बोंब उठते, सैन्य आलं. सगळा गाव खाडीकडे पळतोय. भात अर्धा शिजलाय. सांग, ती काय करेल?”

“काय करेल म्हणजे? भात टाकेल आणि पळेल.”

“तू पळशील,” म्हणालीस आणि हसलीस. हसताना दुखलं तुला. “तुझी माणसं चुलीजवळ बसलीच नाहीत ना कधी, म्हणून. मला माहितेय ती काय करते. परवा झोपेतून उठले आणि कळलं.”

“मग सांग की.”

“सांगेन. लिहिते आधी. आत्ता दमले गं.”

आणि लिहिलं नाहीस. सांगितलंही नाहीस. मीही जोर केला नाही, मला वाटलं उद्या आहेच. त्या उद्याला तू मला ओळखलंस, पण बोलली नाहीस, आणि नंतर ओळखलंही नाहीस.

तू गेल्यावर आठवडाही झाला नव्हता, माधवरावांनी कागदांचा गठ्ठा माझ्या हातात दिला. डोळे सुजलेले होते त्यांचे. म्हणाले, “एकच प्रकरण राहिलंय. तुम्ही पुरं करा. दिवाळीपर्यंत पुस्तक निघालं तर बरं होईल. आणि शेवटी लढाईच आहे ना, ते तर तुम्हाला जमतंच.” त्या माणसाच्या मनात काही नव्हतं. पण मला कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. लढाई मला जमते. सैन्य कुठून येईल, कोणत्या उताराने उतरेल, होड्या किती असतील, मी डोळे मिटून लिहून देते. मला त्या बाईचा भात जमत नाही.

बसले मी, बसले नाही असं नाही. शाळेत रजा टाकली. पारू भात टाकून पळते असं लिहिलं, फाडलं. पारू मडकं उचलून घेऊन पळते असं लिहिलं, तर गरम मडकं ती कशाने धरेल इथेच अडले. चिंधी? पदर? माझ्या घरात चिमटा आहे, मला काय माहीत! पारू बसून राहते असं लिहिलं, तर वाटलं, हे तर नाटकात शोभेल. शेवटी तुझ्यासारखं करून पाहिलं. शेगडी नव्हती, स्टोव्हवर मातीच्या भांड्यात भात लावला आणि समोर बसले. आता सैन्य येतंय असं मनाशी धरलं. भात शिजला. मी तो खाल्ला. काही सुचलं नाही.

मग वाटलं, निदान तुझं तरी लिहावं. तू कशी होतीस ते, रोजचं, साधं, तुला आवडलं असतं तसं. आणि कुमुद, मला आठवेना. तू भांग मधे पाडायचीस की बाजूला? ऑफिसच्या डब्यात काय न्यायचीस? चप्पल कोणती? बशीतून चहा प्यायचीस की कपातून? मला तुझं बोलणं सगळं पाठ आहे, आणि हे काहीच नाही. महिनाही झाला नाही अजून. तुझ्या साड्या वाटल्या गेल्या, तुझी कपबशी बाकीच्या कपबश्यांत मिसळली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या बाईच्या टाचेच्या भेगा शोधत फिरायचीस तू. तुझ्या स्वतःच्या टाचा आठवायला मला मिठागरावर जावं लागतं. सगळ्यांत आधी हेच पुसलं जातं, नाही का? तू सांगायचीस तेव्हा मी ते लिहिण्याविषयीचं मत समजत होते.

आता दहाव्याचं सांगते. बायका जात नाहीत म्हणून सासूबाई नको म्हणत होत्या. पण माधवरावांनीच मला बोलावलं. “तिचा जीव त्या कागदांतच अडकला असणार,” म्हणाले, “कावळा शिवला नाही, तर तुम्हीच सांगा तिला. कादंबरी पुरी करीन म्हणून सांगा. मी सांगून काय उपयोग?” मी हो म्हटलं. मला पक्कं ठाऊक होतं की माझ्याच्याने ती पुरी होणार नाही. तरी मी ठरवलं, की खाडीच्या काठावर उभं राहून हात जोडून सांगायचं, कुमुद, मी करते पुरी, तू जा. रस्ताभर तेच वाक्य मनात म्हणत गेले. मेलेल्या मैत्रिणीशी खोटं बोलायला जात होते आणि खरं सांगते, त्या दिवसांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटत होतं. तुझं काहीतरी माझ्याकडे राहणार होतं. कावळा अडून बसणार, सगळे एकेक करून विनवणार, आणि शेवटी माझी पाळी येणार. तू माझ्यासाठी अडून बसशील, याची मला इतकी खात्री होती.

पिंड मांडले. भटजींनी सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सावरला, एक पाऊल पुढे झाले, हात जोडले.

आणि कावळा आला. बोलवायलाही लागलं नाही. बाजूच्या झाडावरून उतरला, थेट पिंडाला चोच लावली आणि घास घेऊन गेला. त्याच्यामागून आणखी दोन उतरले.

“सुटली,” भटजी म्हणाले. “कसली वासना ठेवली नाही मागे. भाग्यवान बाई.” सगळ्यांनी सुस्कारा टाकला. माधवरावांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला, कितीतरी दिवसांनी. परत येताना ते म्हणाले, “राहू द्या आता ते कागद, विजयाताई. उगाच जिवाला त्रास करून घेऊ नका. तिला तसं काही नको होतं म्हणायचं.” तेव्हापासून त्या घरात कोणी पुस्तकाचं नाव काढलेलं नाही. आजही नाही.

मला माहितेय तू काय म्हणशील. कावळ्याला भूक लागली होती, विजे, एवढंच. असेल. मीही स्वतःला तेच सांगते आणि माझं समाधान होत नाही. माझं वाक्य तयार होतं गं, तोंडात आलं होतं. खोटं होतं, पण तू ते ऐकून तरी घ्यायचं होतंस.